विश्लेषण : समोर कोणीच नसताना हवेत ठोसे कशासाठी? कराटेतील ‘काता’चा खरा उपयोग काय?

संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर, शाळेच्या हॉलमध्ये किंवा मैदानाच्या कोपऱ्यात पांढऱ्या गणवेशातील मुले रांगेत उभी असतात. सगळी एकाच वेळी वळतात, हवेत ठोसा मारतात, जोरात ओरडतात आणि पुन्हा जागेवर येतात. समोर मात्र कोणीच नसते. पट्ट्याच्या परीक्षेतही याच ठरलेल्या हालचालींना गुण असतात. शुल्क भरणाऱ्या पालकांना मग प्रश्न पडतो, की उद्या खरेच कोणी हात धरला तर याचा उपयोग होणार का? हा प्रश्न नवा नाही. खुद्द कराटेच्या शिक्षकांमध्ये त्यावर शंभराहून अधिक वर्षे वाद सुरू आहे. काता कशासाठी असतो, त्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा हा आढावा.

काता म्हणजे नेमके काय?

‘काता’ या जपानी शब्दाचा साधा अर्थ साचा किंवा आकृतिबंध. युद्धकलेत काता म्हणजे बचाव, प्रहार, पकड, वळणे आणि पवित्रे यांची ठरलेल्या क्रमाने बांधलेली मालिका. कोणत्या पावलावर कोणता हात, नजर कुठे, श्वास कधी सोडायचा, मोठ्याने ‘किआइ’ कुठे द्यायची, हे सगळे आधीच निश्चित असते. जमिनीवर पावले ज्या रेषेने फिरतात तीही ठरलेली असते.

शोतोकान शैलीत नवशिक्यांना सुरुवातीला शिकवल्या जाणाऱ्या ‘हेइआन शोदान’मध्ये २१ हालचाली आहेत, तर वरच्या पातळीवरील ‘कांकू दाई’मध्ये ६५. कराटेचे प्रशिक्षण साधारणपणे तीन भागांत विभागलेले असते. सुटे ठोसे, लाथा आणि बचाव म्हणजे ‘किहोन’, त्यांची बांधीव मालिका म्हणजे ‘काता’ आणि जोडीदारासोबतची लढत म्हणजे ‘कुमिते’. यांतील पहिला आणि तिसरा भाग बघताक्षणी कळतो. गोंधळ होतो तो मधल्या भागाबाबत.

काता फक्त कराटेतच असतो असेही नाही. ज्युदो, केंदो या जपानी कलांमध्ये तो आहे. कोरियाच्या तायक्वांदोमध्ये त्याला ‘पूमसे’ म्हणतात, चीनच्या वुशूमध्ये ‘ताओलू’. केरळच्या कळरिपयट्टूमध्येही गुरुजींच्या तोंडी आज्ञांवर शरीराच्या हालचालींची ठरलेली मालिका, म्हणजे ‘मेइपयट्टू’, आधी घोटून घेतली जाते आणि शस्त्रे नंतर हातात येतात. इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी एकच पद्धत दिसते, तेव्हा त्यामागे काही व्यावहारिक कारण असणार हे उघड आहे.

ही पद्धत आली कुठून?

कराटेचे मूळ गाव ओकिनावा. आज हा जपानचा एक प्रांत असला तरी पूर्वी ते र्‍युक्यू नावाचे स्वतंत्र राज्य होते. चीनशी त्याचा जुना व्यापार होता. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा सरदारांनी ते आपल्या अंकित केले आणि १८७९ मध्ये ते जपानमध्ये विलीन झाले. चिनी युद्धकला आणि स्थानिक ‘ते’ म्हणजे ‘हात’ ही कला यांच्या मिश्रणातून कराटे घडले. काही कातांच्या नावांतच हा इतिहास आहे. ‘कुशांकू’ हा काता ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्या चिनी माणसाचा उल्लेख १७६२ मधील ‘ओशिमा हिक्की’ या नोंदींत सापडतो.

त्या काळी कराटेची पाठ्यपुस्तके नव्हती, चित्रे नव्हती, व्हिडीओचा तर प्रश्नच नव्हता. गुरूकडे मोजके शिष्य असत. अशा वेळी पकडीतून सुटण्याच्या, तोल घालवण्याच्या, मर्मावर मारण्याच्या युक्त्या पुढच्या पिढीकडे जशाच्या तशा कशा पोहोचवायच्या? उत्तर होते शरीराच्या स्मरणशक्तीचा वापर. युक्त्या एका क्रमात गुंफल्या, की त्या विसरत नाहीत. लिहिण्याची सोय नसताना ओव्या आणि पाढे ज्या कारणाने पाठ केले जात, त्याच कारणाने काता पाठ केला जाई. म्हणजे काता हा मुळात साठवणीचा प्रकार होता. आजच्या भाषेत सांगायचे तर ती ‘कॉम्प्रेस’ केलेली फाइल होती आणि ती उघडण्याची किल्ली गुरूकडे असे.

जुने शिक्षक एकेका काताला किती वेळ देत, याचे उदाहरण गिचिन फुनाकोशी यांच्या आत्मचरित्रात आहे. आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे फुनाकोशी तरुणपणी रात्रीच्या वेळी गुरूच्या अंगणात एकच काता महिनोन् महिने घोटत. गुरूचे समाधान झाल्याशिवाय पुढचा काता मिळत नसे.

शाळेत शिरताना काय बदलले?

आज क्लासमध्ये दिसणाऱ्या कातामागे एक महत्त्वाचे वळण आहे. आंको इतोसू (१८३१-१९१५) या ओकिनावातील शिक्षकाने १९०१ मध्ये कराटे शाळेत नेले. अंगणात दोन-चार शिष्यांना मिळणारी कला एकदम वर्गभर मुलांना शिकवायची वेळ आली. लहान मुलांना सांधा मोडणे किंवा गळा आवळणे शिकवता येत नव्हते. त्यामुळे इतोसू यांनी जुन्या, लांब कातांच्या आधारे ‘पिनान’ नावाचे पाच छोटे काता बांधले. शोतोकान शैलीत यांनाच ‘हेइआन’ म्हणतात. आज महाराष्ट्रातील अनेक क्लासमध्ये पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्याची मुले जे काता करतात, ते हेच.

या बदलाने कराटे जगभर पोहोचण्याची वाट मोकळी झाली. पण त्याची किंमतही मोजावी लागली. हालचाली राहिल्या, त्यांचे अर्थ मात्र सौम्य झाले. पकडीतून हात सोडवण्याची हालचाल ‘खालचा बचाव’ म्हणून शिकवली जाऊ लागली. वर्गाला आकड्यावर कवायत करायला लावणे सोपे, प्रत्येक हालचालीचा जोडीदारावर सराव करून घेणे अवघड. फाइल पुढे गेली, किल्ली बऱ्याच ठिकाणी मागे राहिली.

इतोसू यांना या धोक्याची जाणीव असावी. १९०८ मध्ये त्यांनी शिक्षण खात्यासाठी कराटेविषयी दहा मुद्द्यांचे पत्र लिहिले. त्यातील एका मुद्द्याचा आशय असा, की आपण शरीर घडवण्यासाठी सराव करतो आहोत की प्रत्यक्ष उपयोगासाठी, हे करणाऱ्याने ठरवले पाहिजे. आजच्या सगळ्या वादाचे मूळ या एका वाक्यात आहे. एकच काता दोन वेगळ्या हेतूंनी करता येतो आणि हेतू बदलला की शिकवण्याची पद्धतही बदलावी लागते.

शरीराला काता काय देतो?

पहिला उपयोग पायाभूत आहे. पवित्रा स्थिर ठेवून वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, कंबर वळवून ठोशात ताकद आणणे, वळताना तोल न जाऊ देणे, नजर आधी आणि शरीर नंतर फिरवणे, या गोष्टी लढत सुरू असताना शिकता येत नाहीत. लढतीत लक्ष समोरच्यावर असते. कातात समोर कोणी नसल्यामुळेच लक्ष स्वतःच्या शरीराकडे वळवता येते. टाच उचलली जाते का, खांदा वर चढतो का, हात पोहोचायच्या आधीच पाय थांबतो का, हे शिक्षकाला दिसते आणि दुरुस्त करता येते.

संगीताचा रियाज डोळ्यांसमोर आणला तर हे पटकन कळते. शिष्य वर्षानुवर्षे अलंकार आणि पलटे घोटतो. मैफलीत कोणी नुसते पलटे ऐकवत नाही, पण गळा तयार होतो तो त्यांच्यावरच. तबल्यातील कायदाही असाच. आधी मूळ बोल जसेच्या तसे हातात बसवायचे, मग त्यांचे पलटे करायचे आणि पुढे स्वतःचे काही सुचायचे. जपानी परंपरेत या तीन टप्प्यांना ‘शु-हा-री’ म्हणतात. आधी साचा पाळणे, मग तो मोडून पाहणे आणि शेवटी साच्याच्या पलीकडे जाणे. अडचण अशी, की अनेक क्लास पहिल्याच टप्प्यावर थांबतात.

श्वास आणि ताण यांवर काम करणारे काता वेगळे असतात. चोजुन मियागी यांच्या गोजू-र्‍यू शैलीतील ‘सांचिन’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यात पावले मोजकीच असतात. सगळे शरीर आवळून संथ, आवाजी श्वासावर हालचाली केल्या जातात. शिक्षक मधूनच खांद्यावर, पाठीवर, मांडीवर थाप मारून स्नायू सैल तर पडले नाहीत ना, हे तपासतो.

आणखी एक फायदा साधा, पण मोठा आहे. कातासाठी जोडीदार लागत नाही, साहित्य लागत नाही आणि जागाही फार लागत नाही. करोनाकाळात क्लास बंद असताना अनेकांचा सराव टिकला तो कातामुळेच. त्या काळात ऑनलाइन काता स्पर्धाही झाल्या. लढतीची ऑनलाइन स्पर्धा घेणे शक्यच नव्हते. पन्नाशी-साठीनंतर ठोसे खाणे परवडत नाही, काता मात्र करता येतो.

‘बुंकाई’ म्हणजे काय आणि ते का महत्त्वाचे?

कातातील हालचालींचा अर्थ उलगडून तो जोडीदारावर करून पाहणे, याला ‘बुंकाई’ म्हणतात. इथे काताचा लढण्याशी संबंध जुळतो.

हेइआन शोदानमधली चौथी हालचाल पाहा. तिसऱ्या हालचालीत उजवा हात खाली झटकलेला असतो. चौथीत तोच हात झटक्यात मागे खेचून, गोल फिरवून, मुठीच्या करंगळीकडच्या बाजूने वरून खाली आणला जातो. पुढचे पाऊलही त्याच वेळी मागे येते. हवेत करताना ही हालचाल शोभेची वाटते. पण समोरच्याने आपले मनगट पकडले आहे, असे समजून ती केली की अर्थ लगेच लागतो. आधी शरीराच्या वजनासह हात सोडवायचा आणि मोकळा झाला की त्याच हाताने हातोड्यासारखा प्रहार करायचा. मनगट धरून ओढणे हा रस्त्यावरच्या त्रासाचा अतिशय नेहमीचा प्रकार आहे.

दुसरे उदाहरण कमरेशी खेचलेल्या हाताचे. कराटेत एक हात ठोसा मारतो तेव्हा दुसरा कमरेशी येतो. बॉक्सिंग पाहणाऱ्याला हे चुकीचे वाटते, कारण त्यामुळे चेहरा उघडा पडतो. आक्षेप बरोबर आहे, जर तो हात रिकामा असेल तर. पण त्या हाताने समोरच्याचे मनगट किंवा कपडा धरलेला असेल, तर तो खेचल्यावर समोरच्याचा तोल जातो आणि तो आपोआप ठोशाकडे येतो. ही हालचाल दूर उभे राहून लढण्यासाठी नसून जवळच्या झटापटीसाठी आहे.

तिसरा मुद्दा वळणांचा. कातात सतत उजवीकडे, डावीकडे, मागे वळावे लागते. त्यामुळे चार बाजूंनी चार जण हल्ला करत आहेत, असे मुलांना सांगितले जाते. अनेक अभ्यासकांना हे पटत नाही. त्यांच्या मते हल्लेखोर एकच असतो आणि त्याच्या समोरून हटून कोणत्या कोनात जायचे, हे ती वळणे सांगतात. शितो-र्‍यू शैलीचे संस्थापक केनवा माबुनी यांनीही काताच्या दिशांकडे याच दृष्टीने पाहिले होते.

यात एक सावधगिरी हवी. जुन्या कातांच्या निर्मात्यांनी अर्थ लिहून ठेवलेले नाहीत. त्यामुळे एकाच हालचालीचे पाच शिक्षक पाच अर्थ सांगतात. मग कोणता धरायचा? कसोटी सोपी आहे. नीट प्रतिकार करणाऱ्या जोडीदारावर जो अर्थ चालतो तो कामाचा आणि जोडीदाराने सहकार्य केले तरच जो चालतो तो शोभेचा.

ज्युदो आणि केंदोने हा प्रश्न कसा सोडवला?

ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही संस्था सुरू केली. ते पेशाने शिक्षक होते आणि त्यांनी प्रशिक्षणाचे दोन स्पष्ट भाग केले, काता आणि ‘रांदोरी’ म्हणजे मुक्त सराव. काता म्हणजे भाषेचे व्याकरण आणि रांदोरी म्हणजे निबंधलेखन, अशी तुलना त्यांनी केली होती. व्याकरणाशिवाय निबंध फसतो आणि नुसते व्याकरण पाठ करून कोणी लेखक होत नाही.

ज्युदोतील काता जोडीने करतात. ‘नागे-नो-काता’मध्ये फेकण्याचे १५ डाव आहेत. हात, कंबर, पाय आणि स्वतः खाली पडून मारायचे दोन प्रकार, असे पाच गट आणि प्रत्येकात तीन डाव. प्रत्येक डाव उजवीकडून आणि डावीकडून मारला जातो. मुक्त सरावात खेळाडू आपला आवडता एकच डाव पुन्हा पुन्हा वापरतो. काता त्याला बाकीचे डावही शिकायला लावतो. १९५६ मध्ये तयार झालेल्या ‘कोदोकान गोशिन जुत्सू’मध्ये २१ तंत्रे असून त्यांत चाकू, काठी आणि पिस्तूल घेऊन येणाऱ्यापासूनचा बचावही आहे. चाकूचा हल्ला मुक्त लढतीत खेळून पाहता येत नाही. अशा जीवघेण्या गोष्टींचा सुरक्षित सराव हा काताचा आणखी एक उपयोग.

तलवारबाजीत तर हा प्रश्न अधिक तीव्र होता. खऱ्या तलवारीने मुक्त सराव म्हणजे मृत्यूच. म्हणून आधी काता हाच मुख्य सराव होता. अठराव्या शतकात बांबूची तलवार आणि चिलखत रुळले आणि पूर्ण ताकदीने वार करत लढता येऊ लागले. तरीही काता टाकून दिला गेला नाही. बांबूच्या तलवारीने खेळताना धार कोणत्या बाजूला आहे याचे भान सुटते, म्हणून १९१२ मध्ये केंदोसाठी दहा काता निश्चित करण्यात आले. त्यांपैकी सात लांब तलवारीचे, तर तीन आखूड तलवारीचे आहेत.

मग आक्षेप कोणते आहेत?

आक्षेप घेणारे कराटेबाहेरचेच आहेत असे नाही. ओकिनावाचे चोकी मोतोबू प्रत्यक्ष मारामारीतील कौशल्यासाठी प्रसिद्ध होते. १९२६ मधील त्यांच्या पुस्तकाचा भर जोडीने करायच्या लढतीच्या सरावावर होता. साठच्या दशकात ब्रूस ली यांनी ठरलेल्या साच्यांवर कडाडून टीका केली. नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरमध्ये पहिली ‘यूएफसी’ स्पर्धा झाली. वेगवेगळ्या कलांच्या खेळाडूंमध्ये जिउ-जित्सूचे रॉइस ग्रेसी जिंकले. जमिनीवरची झटापट ज्यांच्या सरावात नव्हती, त्यांची पंचाईत सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर काता कालबाह्य झाला, असे अनेकांनी जाहीर करून टाकले. २००९ मध्ये मात्र शोतोकान कराटेत वाढलेले ल्योतो माचिदा यूएफसीच्या लाइट हेवीवेट गटाचे विजेते झाले. अर्थात, त्यांच्या सरावात कुस्ती आणि जिउ-जित्सूही होते.

विज्ञानाच्या बाजूनेही एक गंभीर प्रश्न आहे. १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन या संशोधकांनी केलेला प्रयोग शारीरिक कौशल्ये शिकण्याच्या अभ्यासात वारंवार सांगितला जातो. त्यात सहभागींना लाकडी अडथळे हाताने ठरावीक क्रमाने पाडायचे होते. एका गटाने एकच क्रम सलग घोटला आणि मग दुसरा घेतला. दुसऱ्या गटाला क्रम मिसळून दिले गेले. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता. पण काही काळाने परीक्षा घेतली तेव्हा मिसळून सराव केलेला गट सरस ठरला. नव्या प्रकारची कामे दिली तेव्हाही हाच गट पुढे होता.

काताला हे थेट लागू होते. कातात पुढची हालचाल आधीच माहीत असते. प्रत्यक्ष हल्ल्यात काय येणार हेच माहीत नसते. आधी ओळखायचे, मग निवडायचे आणि नंतर हालचाल करायची, असे तीन टप्पे असतात. काता त्यांतला फक्त तिसरा घोटतो. पर्याय जितके जास्त, तितका निर्णयाला वेळ जास्त, हे मानसशास्त्रातील ‘हिकचा नियम’ १९५२ पासून सांगत आला आहे. त्यामुळे वीस काता पाठ असलेला पण जोडीदारासोबत कधीच सराव न केलेला विद्यार्थी अडचणीच्या क्षणी गोंधळण्याची शक्यता असते. तीन-चार हालचाली अनपेक्षितपणे आलेल्या पकडींवर शेकडो वेळा केलेला विद्यार्थी त्याच्यापेक्षा लवकर हलतो.

ऑलिम्पिकमध्ये काताला गुण कसे दिले गेले?

काता हा स्वतंत्र खेळही आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये (प्रत्यक्षात २०२१ मध्ये) कराटेचा पहिल्यांदा समावेश झाला, तेव्हा काताची पदकेही होती. सात पंच तंत्र आणि शारीरिक क्षमता यांना ५ ते १० दरम्यान गुण देत. दोन सर्वांत जास्त आणि दोन सर्वांत कमी गुण वगळले जात. तंत्राला ७० टक्के आणि शारीरिक क्षमतेला ३० टक्के वजन होते. महिलांमध्ये स्पेनच्या ३९ वर्षीय सांद्रा सांचेझ यांनी २८.०६ गुणांसह जपानच्या कियोऊ शिमिझू (२७.८८) यांना मागे टाकले. पुरुषांमध्ये र्‍यो कियुना यांनी २८.७२ गुणांसह सुवर्ण जिंकले. ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारे ते ओकिनावाचे पहिले खेळाडू. कराटेच्या जन्मभूमीला तिचे पहिले सुवर्ण कातामुळे मिळाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मात्र कराटे नव्हते.

स्पर्धेतला काता हा तिसरा हेतू झाला. आरोग्य, उपयोग आणि आता सादरीकरण. पंचांना दिसावे म्हणून विराम लांबतात, पवित्रे खोल होतात, गणवेशाचा फटकारा घुमतो. जिम्नॅस्टिक्ससारखा खेळ म्हणून त्यात गैर काही नाही. या पातळीवरची मेहनत अफाट असते. मात्र पदक जिंकणारा काता आणि हात सोडवणारा काता यांचा सराव एकसारखा नसतो, हे लक्षात ठेवलेले बरे.

मुलींच्या स्वसंरक्षणासाठी काता पुरेसा आहे का?

नाही. इथे प्रश्न पट्ट्याच्या रंगाचा राहत नाही, सुरक्षिततेचा होतो. ‘समग्र शिक्षा’ योजनेत सरकारी शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींसाठी ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ आहे. त्याचा कालावधी तीन महिन्यांचा असतो. एवढ्या वेळात एखादा काता पाठ होईल आणि वार्षिक संमेलनात तो छानही दिसेल. पण पाठ झालेला काता म्हणजे स्वसंरक्षण आले, असा समज मुलीच्या किंवा घरच्यांच्या मनात बसला तर तो धोक्याचा आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे एकच गोष्ट दाखवतात. बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. म्हणजे अंधाऱ्या गल्लीतील अनोळखी हल्लेखोरापेक्षा शेजारी, नातेवाईक किंवा मित्र यांना ‘नाही’ म्हणता येणे, धोका लवकर ओळखणे, मोठ्याने आवाज करणे आणि मदत मागणे ही कौशल्ये आधी लागतात.

यासाठीचा एक भक्कम पुरावा कॅनडातून आला. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन विद्यापीठांतील ८९३ विद्यार्थिनी होत्या. एका गटाला १२ तासांचे प्रशिक्षण मिळाले, दुसऱ्याला फक्त माहितीपत्रके. वर्षभरात बलात्काराला सामोरे जावे लागलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ५.२ टक्के, तर दुसऱ्यात ९.८ टक्के होते. या १२ तासांत प्रत्यक्ष शारीरिक बचावाचा भाग थोडाच होता. बाकीचा वेळ धोका ओळखणे, ओळखीच्या माणसाला विरोध करताना वाटणारा संकोच मोडणे आणि स्वतःच्या मर्यादा ठामपणे सांगणे यासाठी होता.

याचा अर्थ काता निरुपयोगी असा नाही. चारचौघांत पोटातून ओरडायची सवय ‘किआइ’मुळे लागते. ताठ उभे राहणे, नजर न चोरणे हेही त्यातून येते. अनेक मुलींना घरात-शाळेत आवाज खाली ठेवायलाच शिकवलेले असते, त्यामुळे हा फायदा लहान नाही. फक्त त्याला जोडीदारासोबतच्या सरावाची आणि धोका ओळखण्याच्या शिक्षणाची जोड हवी.

पालकांनी क्लासमध्ये काय पाहावे?

पहिले, मुलाला किंवा मुलीला कोणतीही एक हालचाल दाखवायला सांगून ‘हे कशासाठी?’ असे विचारावे. उत्तर फक्त ‘सरांनी सांगितले म्हणून’ असेल, तर बुंकाई शिकवली जात नाही असे समजावे.

दुसरे, आठवड्यात जोडीदारासोबत किती वेळ सराव होतो ते पाहावे. त्यात मनगट, कपडा, केस, गळा धरणे असे रोजचे प्रकार येतात का, आणि पकडणारा खरेच घट्ट धरतो का, की लगेच सोडून देतो?

तिसरे, नवा काता किती वेगाने दिला जातो? दर परीक्षेला नवा काता आणि नवा पट्टा मिळत असेल, पण जुन्याची दुरुस्ती होत नसेल, तर गणित शुल्काचे असू शकते.

चौथे, क्लास नेमका कशासाठी लावला आहे, हे घरात ठरवावे. व्यायाम, शिस्त आणि एकाग्रता हवी असेल तर काटेकोर काता पुरेसा आहे. स्पर्धा खेळायची असेल तर पंचांचे नियम माहीत असलेला प्रशिक्षक हवा. स्वसंरक्षण हवे असेल तर काता ही सुरुवात आहे. त्या काताचा अर्थ जोडीदारावर, अनपेक्षितपणे आणि प्रतिकारासह करून घेणारा शिक्षक शोधावा लागेल. इतोसू यांनी १९०८ मध्ये सांगितलेली निवड आजही करणाऱ्यालाच करायची आहे आणि ती प्रवेश अर्ज भरण्याआधी केलेली बरी.